पीच थांबत नाही, बॉस!

कॉब्लर म्हणजे मोची. शाळेत आपण एवढंच शिकलो. त्यामुळे अमेरिकेतल्या एखाद्या मेन्यूकार्डावर 'पीच कॉब्लर' वाचलं की आपल्या डोळ्यांसमोर चप्पल शिवणारे काका आले नाहीत, तरच नवल. प्रत्यक्षात समोर येतो तो खोलगट बाऊलमधला गरमागरम ऐवज. खाली साखरेच्या पाकात मऊ शिजलेले पीच, वर सोनेरी बिस्किटांचं झाकण आणि त्यावर वितळत चाललेला व्हॅनिला आइस्क्रीमचा गोळा. दिसायला एकदम गबाळं प्रकरण. चवीला मात्र... थांबा, चवीपर्यंत येऊच.

या नावाचा उगम नक्की कुठला, यावर जाणकारांचं एकमत नाही. कुणी म्हणतं, वरचे पिठाचे गोळे जुन्या रस्त्यांवरच्या गोल दगडांच्या फरसबंदीसारखे दिसतात म्हणून कॉब्लर. कुणी म्हणतं, हाताला लागेल त्या सामानातून कसंबसं जुळवलेलं म्हणून कॉब्लर. मला दुसरं पटतं. पाय करायचा तर पीठ एकसारखं लाटा, साचा नीट भरा, कडा मुरडा. एवढा वेळ कुणाला? एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत नव्या जागी वस्ती करणाऱ्यांकडे धड ओव्हनही नसायचा. बिडाच्या भांड्यात फळं घाला, वर पिठाचे गोळे टाका, निखाऱ्यांवर ठेवा, झालं! फळ पिकलंय आणि वेळ नाही, या दोन अडचणींतून जन्मलेला हा पदार्थ. आपल्यासारख्या डेडलाइनवाल्यांचाच म्हणा ना.

तो जिथे मुरला त्या गावी जायचा योग मला अटलांटातल्या प्रोजेक्टमुळे आला.

पीचट्री टू द पॉवर पीचट्री

अटलांटात पत्ता विचारणं हा एक खेळच आहे. पीचट्री स्ट्रीट, पीचट्री रोड, वेस्ट पीचट्री, पीचट्री सेंटर... 'पीचट्री' नाव असलेले रस्ते इथे डझनांनी मोजावे लागतात. गाड्यांच्या नंबरप्लेटवर पीच. राज्याचं टोपणनाव 'पीच स्टेट'. १९९५ मध्ये तर जॉर्जियाने पीचला अधिकृत राज्यफळ करून टाकलं.

आणि आता गंमत. अमेरिकेत सगळ्यात जास्त पीच पिकतात कॅलिफोर्नियात. बरं, दुसरा नंबर तरी जॉर्जियाचा? तोही नाही! तो शेजारच्या साउथ कॅरोलायनाचा. त्या लोकांनी हायवेलगत गॅफनी गावात १९८१ मध्ये चक्क पीचच्या आकाराची पाण्याची टाकी बांधून ठेवलीय. म्हणजे जॉर्जियाला जाता-येता टोमणाच.

मग नाव जॉर्जियाचंच का? हे समजायला अटलांटा सोडून दक्षिणेला जायला हवं. २०२४ च्या जुलैतल्या एका शनिवारी ऑफिसातल्या एका मित्राने मला गाडीत घातलं. तो फोर्ट व्हॅलीचा. "माझ्या आत्याकडे चल," म्हणाला. "कॉब्लर रेस्टॉरंटमध्ये खाऊन कळत नाही."

कापसाच्या जागी आलेलं फळ

फोर्ट व्हॅली अटलांटापासून साधारण १६० किलोमीटर. आय-७५ पकडायचा आणि मेकन शहर मागे टाकून पुढे जायचं. शहरी काचा संपतात, लाल माती सुरू होते. ही लाल माती बघून कोकणातला माणूस क्षणभर हळवा होतो, मग बाहेरचे उंच पाइन बघून भानावर येतो.

या भागात पीच जुनेच, पण त्यांचा धंदा झाला तो यादवी युद्धानंतर. १८६५ मध्ये युद्ध संपलं, गुलामगिरी गेली आणि कापसाच्या जोरावर उभ्या असलेल्या मळेवाल्यांची घडी विस्कटली. फोर्ट व्हॅलीजवळच्या मार्शलव्हिलमध्ये सॅम्युअल रम्फ नावाच्या बागायतदाराने १८७० च्या दशकात पीचची एक नवी जात पुढे आणली आणि तिला बायकोचं नाव दिलं, एल्बर्टा. पिवळाधमक गर, मोठं फळ आणि मुख्य म्हणजे प्रवासात टिकणारं. बर्फ भरलेल्या रेल्वेच्या डब्यांतून जॉर्जियाचा पीच न्यूयॉर्कला पोहोचला आणि नाव झालं ते कायमचं. १९२४ मध्ये इथे नवा जिल्हा काढला तर त्याचं नावच 'पीच काउंटी' ठेवलं. १९२८ मध्ये राज्याचं पीक ८० लाख बुशेलच्या घरात गेलं. तेवढं पुन्हा कधी झालं नाही.

ही झाली पोस्टकार्डावरची गोष्ट. मागची बाजू मित्राने गाडी चालवता चालवता सांगितली. कापसाच्या शेतात दोन हंगामांच्या मध्ये हात रिकामे असायचे, नेमकी तेव्हाच पीचची तोडणी यायची. ते स्वस्त हात बहुतेक काळ्या मजुरांचे. त्याच्या पणजोबांचेही. बाग त्यांची नव्हती, पेटी त्यांची नव्हती. बाजारात जाणार नाही असं पिकून फुटलेलं फळ तेवढं घरी यायचं. "मग सांग," तो म्हणाला, "कॉब्लर कुणी चांगला करायचा?"

आज तोडणीला मोठ्या प्रमाणावर मेक्सिकोतून हंगामी व्हिसावर कामगार येतात. मित्र इथल्याच फोर्ट व्हॅली स्टेट युनिव्हर्सिटीतून शिकला. ही १८९५ मध्ये काळ्या विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेली संस्था. त्याच्या घरात पीच तोडणारं आता कुणी नाही. कॉब्लर करणारी मात्र आहे.

सेकण्ड्स द्या!

लेन सदर्न ऑर्चर्ड्स ही इथली १९०८ पासूनची बाग. आता तिथे दुकान आहे, कॅफे आहे, पीचचं आइस्क्रीम आहे आणि उंचावरच्या पुलावरून खाली चाललेलं पॅकिंगही बघता येतं. पट्ट्यावरून हजारो पीच गडगडत जातात. टुरिस्ट मंडळी फोटोजेनिक पेट्या उचलत होती. मित्राने मात्र 'सेकण्ड्स' मागितले. म्हणजे डाग पडलेले, वेडेवाकडे, अंगठा लावला तर रुततो इतके पिकलेले. किंमत कमी, वास दुप्पट.

पीचमध्येही दोन घराणी असतात. मे महिन्यात येणाऱ्या पहिल्या पीचचा गर कोयीला घट्ट चिकटून बसतो. त्याला 'क्लिंगस्टोन' म्हणतात. जूनच्या मध्यानंतर 'फ्रीस्टोन' सुरू होतात. सुरी फिरवून दोन्ही अर्ध उलट दिशांना पिळले की कोय सुटून हातात. कॉब्लर करणारे फ्रीस्टोनची वाट बघतात.

आत्याने दारातच पिशवी उघडून वास घेतला. वय सत्तरीच्या पुढे, पायात स्लीपर, डोक्याला रुमाल. "बेबी," ती मला म्हणाली. (दक्षिणेत म्हाताऱ्या बायका कुणालाही 'बेबी' म्हणतात, सहा फुटी माणसालासुद्धा. 'यस मॅम' म्हणायचं आणि ऐकायचं.) "बेबी, हे उद्यापर्यंत थांबणार नाहीत. हात धू."

चहापाणी, गप्पा, घर दाखवणं, सगळं नंतर. आधी पीच.

आपलं बिस्किट, त्यांचं बिस्किट

इथे एक गैरसमज दूर करू. या बिस्किटाचा ग्लुकोजच्या पुड्याशी काहीही संबंध नाही. चहात बुडवायचं ते आपलं बिस्किट. तिकडे त्याला 'कुकी' म्हणतात. अमेरिकेच्या दक्षिणेतलं बिस्किट म्हणजे यीस्ट न घालता बेकिंग पावडरवर फुगवलेला, बाहेरून खुसखुशीत आणि आतून मऊ असा छोटा पाव. सकाळी तो ग्रेव्हीबरोबर खातात आणि दुपारी त्याचंच कच्चं पीठ कॉब्लरवर चढतं.

त्याचं मर्म गव्हात आहे. दक्षिणेत मऊ जातीचा हिवाळी गहू पिकायचा. त्यात प्रथिनं कमी, म्हणून चिवटपणा कमी. टेनेसीतल्या नॉक्सव्हिलमध्ये १८८३ मध्ये सुरू झालेल्या 'व्हाइट लिली' ब्रॅण्डवर इथल्या घराघरांत अशी भक्ती आहे की विचारू नका. नॉक्सव्हिलची गिरणी २००८ मध्ये बंद झाली, तेव्हा खवय्यांनी पेपरांतून गळा काढला होता. आत्याच्या फडताळात तीच पिशवी होती.

दुसरं मर्म बटर. आपण शंकरपाळ्यांना कडकडीत मोहन घालतो. इथे बरोब्बर उलट! बटर बर्फासारखं गार हवं. बोटांच्या टोकांनी ते पिठात चोळायचं, वाटाण्याएवढे तुकडे दिसले की थांबायचं. ओव्हनच्या धगीत हे तुकडे वितळतात, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती पिठाला आतून उचलते. बटर आधीच वितळलं तर वाफ कुठून येणार आणि बिस्किट कसं फुगणार? मग बटरमिल्क ओतायचं (आपलं ताक नव्हे, पातळ दह्यासारखं दाट प्रकरण) आणि जेमतेम गोळा होईल इतकंच हलवायचं. मळायचं नाही. पोळ्यांची कणीक तिंबणाऱ्या घरातून आलेल्या माणसाला हात आवरणं फार कठीण जातं. आत्या मनगटावर हलकेच चापट मारून सांगते, "पुरे, बेबी."

पुढचं एडना लुईस वाचणाऱ्यांना ओळखीचं वाटेल. व्हर्जिनियातल्या, गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांनी वसवलेल्या फ्रीटाउनमध्ये १९१६ मध्ये जन्मलेल्या या बाईंनी १९७६ च्या आपल्या पुस्तकातून दक्षिणेच्या घरगुती स्वयंपाकाला प्रतिष्ठा मिळवून दिली. उतारवयात त्या अटलांटाजवळच राहिल्या. २०१४ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं. बाजारातल्या बेकिंग पावडरला धातूची चव येते म्हणून त्या क्रीम ऑफ टार्टर आणि सोडा एकत्र करून घरीच पावडर बनवायच्या. आत्याही तेच करते. दोन भाग ते, एक भाग हे. कुणाकडून शिकलात विचारलं तर म्हणाली, "आईकडून. तिने कुठलं पुस्तक वाचलंय!"

तो फेस्टिव्हलवाला

दर जूनमध्ये बायरन आणि फोर्ट व्हॅलीत 'जॉर्जिया पीच फेस्टिव्हल' भरतो. तिथला जंगी कॉब्लर जगातला सगळ्यात मोठा, असा गावाचा दावा. अकरा फूट लांब, पाच फूट रुंद. त्यात ७५ गॅलन पीच आणि ९० पाउंड बटर, म्हणजे चाळीस किलोच्या वर! गावाला फुकट वाटतात. पण त्यात बिस्किट नसतं. मैदा, दूध, साखरेचा पातळ घोळ असतो, भाजताना तो फळांच्या भोवतीने फुगून वर येतो.

घोळ की बिस्किट, हा इथला आपला 'पुरणपोळीवर तूप की दूध'छाप वाद. तिसरा पंथ पायसारखी लाटलेली पोळी घालणाऱ्यांचा. आत्याचा निकाल तयार होता, "फेस्टिव्हलचा चांगलाच असतो. फुकटचं नेहमीच चांगलं असतं. पण त्याला बिस्किट नाही."

बिडाचा काळाकुट्ट तवा ओव्हनमधून आला. कडेने पाक उकळून चिकटला होता, बिस्किटांच्या फटींतून केशरी रस बुडबुडत होता. मी चमचा उचलला. "वीस मिनिटं," आत्या म्हणाली. गरम असताना रस पाण्यासारखा पळतो, जरा निवला की धरतो. या वीस मिनिटांत तिने २०२३ ची गोष्ट सांगितली.

ज्या वर्षी थंडी आली नाही

पीचच्या झाडाला झोप लागते. हिवाळ्यात पारा साधारण सात अंशांच्या खाली जितके तास राहतो, तितकी त्याची झोप मोजली जाते. इथल्या बऱ्याच जातींना असे ६५० ते ८५० तास लागतात. झोप पुरी झाली नाही तर झाड वसंतात नीट जागंच होत नाही, फूल-पानाचा ताळ बिघडतो. झोपेत असताना मध्येच ऊब आली तर ते घाईने फुलतं आणि मागून आलेली थंडीची लाट फुलांना मारते. २०१७ मध्ये पीक असंच बुडालं. २०२३ त्याहून वाईट. हिवाळा उबदार, झाडं लवकर फुललेली आणि मार्चमध्ये कडाका. जॉर्जियाचं ९० टक्क्यांहून जास्त पीक गेलं. मोहोर, अवकाळी आणि हापूस यांचं नातं माहीत असलेल्या देवगड-रत्नागिरीकरांना हे वेगळं समजवायला नको.

शेतकरी स्वस्थ बसलेले नाहीत. बागांतून मोठाले पंखे फिरवून थंड हवा हलवतात, कमी थंडीवर भागणाऱ्या जाती लावून बघतात. बायरनमधल्या अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधन केंद्रात पीचच्या अनेक जाती घडल्या. पण नवं झाड हाताशी यायला तीन-चार वर्षं लागतात आणि हिवाळा काही तोवर थांबत नाही.

आत्याचे यजमान चाळीस वर्षं पॅकिंग शेडमध्ये होते. जुलै २०२३ मध्ये ते गेले. इकडे कुणी गेलं की त्या घरात चूल पेटू देत नाहीत, शेजारीपाजारी आणि चर्चमधली मंडळी जेवण घेऊन येतात. हे आपल्यासारखंच.

"सहा कॉब्लर आले," आत्या म्हणाली. "सहाच्या सहा डब्यातल्या पीचचे. कॅलिफोर्नियाचे डबे! जुलै महिना, पीच काउंटी, आणि त्या माणसाच्या जेवणाला इथलं एक फळ नाही."

मित्र खाली बघत होता.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, सगळ्यांतलं थोडं थोडं खाल्लं. आणणाऱ्याला नाही म्हणतात का?"

ती उठली आणि मागच्या खोलीतला फ्रीजर उघडून दाखवला. सोलून कापलेल्या पीचच्या पिशव्या, एकावर एक, प्रत्येकीवर मार्करने '२०२४'. आम्ही आणलेल्यातल्याही दोन पिशव्या तिने बाजूला काढल्याच होत्या. "कुणाच्या घरी कधी न्यावा लागेल, सांगता येतं का?"

वीस मिनिटं झाली होती. तिने बाऊल भरले. बिस्किटाचा वरचा भाग कुरकुरीत आणि किंचित खारट, खालचा पाक पिऊन पुडिंगसारखा झालेला, आणि पीच... उन्हाची चव असते का? असली तर हीच. आम्ही तिघांनी सहा जणांचा कॉब्लर संपवला आणि आत्याने तवा पुसून पुन्हा तेल लावून ठेवला.

करून बघा : पीच कॉब्लर (सहा जणांसाठी)

*फळांसाठी :* १ किलो पिकलेले पीच, अर्धी वाटी साखर (फळ आंबट असेल तर थोडी जास्त), १ मोठा चमचा लिंबाचा रस, १ मोठा चमचा कॉर्नफ्लोअर, चिमूटभर मीठ.

*बिस्किटांसाठी :* दीड कप मैदा, २ मोठे चमचे साखर, २ छोटे चमचे बेकिंग पावडर, पाव छोटा चमचा सोडा, पाव छोटा चमचा मीठ, ८० ग्रॅम गार बटर, अर्धा कप दही आणि पाव कप दूध एकत्र फेटून.

*कृती :* पीच उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट टाकून लगेच गार पाण्यात घाला, सालं सुटतील. फोडी करून फळांचं बाकी सामान मिसळा, खोलगट भांड्यात घालून २०० अंशांवर १५ मिनिटं भाजा. फळ आधी गरम हवं, नाहीतर बिस्किटं खालून कच्ची राहतात. तोवर कोरडं सामान एकत्र करून बटर चोळा, दही-दूध घालून हलक्या हाताने गोळा करा. गरम फळांवर चमच्याने आठ-नऊ गोळे टाका, मध्ये फटी राहू द्या, वाफ तिथूनच जाते. आणखी २५ ते ३० मिनिटं, वरून सोनेरी होईपर्यंत. मग वीस मिनिटं हात लावू नका.

हिमाचलचे पीच आपल्या बाजारात उन्हाळ्यात, मे-जूनच्या सुमारास येतात. घट्ट मिळाले तर दोन दिवस कागदात गुंडाळून बाहेर ठेवा. वास यायला लागला की त्याच संध्याकाळी करा, वीकेण्डची वाट बघू नका.

कसं जाल? अटलांटाहून आय-७५ ने दक्षिणेला, एक्झिट १४२. ट्रॅफिक नसेल तर दोन तासांच्या आत. बस-ट्रेनच्या भरवशावर राहू नका, गाडी भाड्याने घ्या.

कधी? हंगाम मेच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत. कॉब्लरसाठी जूनअखेर ते जुलै उत्तम. निघण्याआधी बागेला फोन करून यंदा पीक कसं आहे ते विचारा. आणि मागायचे ते सेकण्ड्सच!